मेकाँगच्या काठाने चार देश

पाठीवर मावेल एवढेच सामान घ्यावे आणि शेजारशेजारचे तीनचार देश पंधरा-सोळा दिवसांत पाहून यावे, ही कल्पना तरुण मनाला जितकी मोहक वाटते, तितकीच ती घरातील वडीलधाऱ्यांना काळजीची वाटते. दोघांचेही म्हणणे खोटे नसते. पायी, नावेने, साध्या मोटारीने हिंडताना जे दिसते ते मोठ्या सहलीच्या गाडीतून दिसत नाही, हे खरे. आणि परक्या मुलखात भाषा, चलन व कायदा दर चार दिवसांनी बदलत असता मदतीला कोणी नसते, हेही तितकेच खरे. या दोहोंचा मेळ घालणारी गोष्ट एकच आहे. ती म्हणजे घरातल्या सर्वांनी नकाशाभोवती बसून, शांतपणे केलेली योजना.

अशा योजनेतील पहिला धोका म्हणजे देश मोजण्याचा. सोळा दिवसांत सहा देश बसवता येतात. परंतु मग हाती उरतात ती विमानतळांची नावे आणि पारपत्रावरचे शिक्के. म्हणून देश मोजण्याऐवजी एखादी वाट धरावी. आपल्याकडे नर्मदेची परिक्रमा करणारा मनुष्य राज्यांच्या सीमा मोजत नाही. नदी नेईल तसा तो जातो. हाच न्याय आग्नेय आशियाला लावला, तर मेकाँग ही महानदी आपल्याला थायलंड, लाओस, कंबोडिया आणि व्हिएतनाम या चारही देशांतून आपोआप नेते. तिबेटच्या पठारावर उगम पावलेली ही नदी 4,300 किलोमीटरांहून अधिक अंतर तोडून, सहा देशांना स्पर्श करीत दक्षिण चीन समुद्राला मिळते. थाई आणि लाओ भाषांत नदीला ‘मे नाम’ म्हणतात. त्याचा अर्थ ‘पाण्याची आई’. नद्यांना लोकमाता मानणाऱ्या आपल्यासारख्यांना हे नाव परके वाटणार नाही.

दुसरा प्रश्न ऋतूचा. मे ते ऑक्टोबर हा तेथील पावसाळा. मार्च-एप्रिलमध्ये उत्तर थायलंड व लाओसमध्ये शेते आणि राने जाळल्याचा धूर दाटतो. तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ उत्तम. हवा कोरडी असते, आणि उत्तरेकडच्या डोंगरांत पहाटे चांगलीच थंडी पडते. एक लोकरी स्वेटर अवश्य घ्यावा.

आता दिवसांची मांडणी पाहू. बँकॉकमार्गे थायलंडच्या उत्तर टोकाला चिआंग राय येथे उतरावे व मोटारीने नदीकाठच्या चिआंग खोंग या गावी जावे. येथे नदी हीच सीमा आहे. डिसेंबर 2013 मध्ये खुल्या झालेल्या मैत्री-पुलावरून पलीकडे गेले की लाओसमधील हुआय साय लागते. तिसऱ्या दिवशी सकाळी तेथून लांबट लाकडी नाव निघते. ती दोन दिवस घेते. मधली रात्र पाकबेंग नावाच्या काठावरच्या छोट्या गावात काढावी लागते. दोन दिवस नुसते बसून राहणे अनेकांना वेळेचा अपव्यय वाटेल. परंतु दोन्ही बाजूंची राने, वाळूच्या पुळणीवर उतरणारी माणसे, नावेत चढणारी पोती आणि कोंबड्या, हे सारे पाहणे हाच या प्रवासाचा हेतू आहे. शिवाय ही वाट अशीच राहील याचा भरवसा नाही. लुआंग प्रबांगच्या खाली झायाबुरी येथील धरण 2019 मध्ये सुरू झाले, आणि त्या शहराच्या वरच्या अंगालाही धरणाचे काम हाती घेण्यात आले. वीज विकून देश वर आणावा की नदी वाहती ठेवावी, हा प्रश्न लाओसपुढे आहे. आपल्याकडील धरणांचे वाद ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना त्याचे दोन्ही कंगोरे सहज समजतील.

नाव पोहोचते ती लुआंग प्रबांगला. मेकाँग आणि नाम खान यांच्या संगमावरचे हे जुने राजनगर 1995 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आले. येथील वाट शिएंग थोंग हे मंदिर सोळाव्या शतकातले. या नगरात दोन पूर्ण दिवस द्यावेत. पहाटे भिक्षूंची रांग भिक्षेला निघते आणि गृहिणी गुडघे टेकून त्यांच्या पात्रात भाताचा घास घालतात. हा धर्माचार आहे, देखावा नव्हे. तेव्हा दूर उभे राहावे आणि छायाचित्रासाठी कोणाच्या वाटेत येऊ नये. येथे रामकथाही भेटते. थायलंडमध्ये तिला ‘रामकीएन’, कंबोडियात ‘रिआमकेर’, तर लाओसमध्ये ‘फ्रा लाक फ्रा लाम’ म्हणतात. लाओ लोकांनी लक्ष्मणाचे नाव आधी घेतले आहे, हे ऐकून घरातल्या धाकट्या भावांना विशेष आनंद होईल!

सातव्या दिवशी आगगाडी. चीनच्या सीमेवरील बोतेनपासून राजधानी व्हिएन्तियानपर्यंतचा लोहमार्ग डिसेंबर 2021 मध्ये सुरू झाला, आणि डोंगरातल्या वळणावळणाच्या रस्त्याने दिवस घेणारे अंतर सुमारे दोन तासांवर आले. व्हिएन्तियानमध्ये सोनेरी फा थात लुआंग स्तूप पाहावाच. पण त्याहून आवश्यक म्हणजे ‘कोप’ या संस्थेचे छोटेसे प्रदर्शन. 1964 ते 1973 या काळात अमेरिकी विमानांनी लाओसवर वीस लाख टनांहून अधिक बाँब टाकले. त्यांतील लहान गोळ्यांपैकी लक्षावधी गोळे फुटलेच नाहीत. ते आजही शेतात निघतात आणि नांगरणाऱ्याचा हात वा खेळणाऱ्या मुलाचा पाय घेऊन जातात. येथे कृत्रिम हातपाय बनविण्याचे काम चालते. या इतिहासातून एक व्यावहारिक नियमही निघतो: लाओसच्या ग्रामीण भागात मळलेली पायवाट सोडून एक पाऊलही आडरानात टाकू नये.

आठव्या दिवशी रात्रीच्या गाडीने दक्षिणेला पाक्से, आणि तेथून चंपासक. डोंगराच्या उतारावर, पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारे वाट फू हे प्राचीन शिवस्थान येथे आहे. डोंगराचा माथा नैसर्गिक लिंगाकृती असल्यामुळे त्याला ‘लिंगपर्वत’ असे नाव होते. 2001 मध्ये हे स्थान जागतिक वारसा ठरले, आणि त्याच्या जतनाच्या कामात भारताच्या पुरातत्त्व खात्याचाही वाटा आहे. आणखी खाली नदी पसरते आणि ‘सी फान दोन’, म्हणजे चार हजार बेटे, निर्माण होतात. याच भागातील प्रचंड धबधब्यांनी फ्रेंचांचा, मेकाँगमधून चीनपर्यंत आगबोटी नेण्याचा मनसुबा धुळीस मिळविला. 1866 ते 1868 या काळात त्यांच्या पाहणी-पथकाने ही अडचण प्रत्यक्ष अनुभवली. पुढे त्यांनी धबधबा टाळण्यासाठी बेटांवर एक छोटा लोहमार्ग घातला. त्याचे अवशेष सायकलवरून पाहता येतात. एक दिवस येथे काहीही न करण्यासाठी ठेवावा.

अकराव्या दिवशी जमिनीवरून कंबोडियात प्रवेश करून क्रातिए गाठावे. तेथे सकाळी नावेतून इरावती जातीचे डॉल्फिन पाहता येतात. मेकाँगमध्ये ते आता शंभराच्या आसपासच उरले आहेत. हीच जात ओडिशाच्या चिलिका सरोवरात आहे, हे सांगितले म्हणजे नकाशावरची दोन दूरची पाणस्थळे एकदम जवळ येतात.

यानंतर राजधानी नोम पेन्ह. येथे तोनले साप नदी मेकाँगला मिळते. पावसाळ्यात मेकाँगला एवढा फुगवटा येतो की ही उपनदी उलटी वाहू लागते आणि वरचे सरोवर कित्येक पटींनी वाढते. पाऊस सरला की प्रवाह पुन्हा फिरतो. या पालटाचा जलोत्सव कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास होतो. त्याच पौर्णिमेला ओडिशात पूर्वजांच्या समुद्रयात्रांच्या स्मरणार्थ कागदी व केळीच्या सोपटाच्या होड्या पाण्यात सोडतात. याच शहरात तुओल स्लेंग ही शाळा आहे. 1975 ते 1979 या काळात ख्मेर रूज राजवटीने तिचा तुरुंग केला. त्या चार वर्षांत सुमारे सतरा लाख लोक प्राणास मुकले असे अभ्यासक मानतात. 2025 मध्ये या स्थळाची नोंद जागतिक वारशात झाली. तेथे गेल्यानंतर त्या दिवशी दुसरे काही पाहण्याचे ठरवू नये.

चौदाव्या दिवशी नावेने नदीवरचीच सीमा ओलांडून व्हिएतनाममधील चाऊ डॉक, पंधराव्या दिवशी कान थो. तेथे पाण्यावर बाजार भरतो. जो माल विकायचा तो बांबूच्या टोकाला उंच बांधलेला असतो, म्हणजे दुरूनच कळते की ही नाव अननसाची आणि ती भोपळ्यांची. रस्ते व पूल झाल्यापासून हा बाजार ओसरत चालला आहे. नदीला येथे ‘नऊ नाग’ अशा अर्थाचे नाव आहे, कारण ती अनेक मुखांनी समुद्राला मिळते. सोळाव्या दिवशी हो ची मिन्ह शहरातून परतीचे विमान.

कोणी विचारील, यात अंकोर कोठे आहे? ते मुद्दाम गाळले आहे. अंकोरला किमान तीन दिवस हवेत. ते चोरून घेतले तर नदीची वाट तुटते. त्यासाठी स्वतंत्र प्रवास करावा. शिवाय थायलंडमधून कंबोडियात थेट उतरण्याची जुनी सोपी वाट 2025 मध्ये दोन्ही देशांतील संघर्षामुळे बंद झाली. प्रेआह विहेअर या प्राचीन शिवमंदिराचा वाद 1962 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेला होता. निकाल कंबोडियाच्या बाजूने लागला, तरी सीमेची जखम भरली नाही. म्हणून वर दिलेली वाट लाओसमधून जाते. तरीही निघण्यापूर्वी परराष्ट्र खात्याच्या सूचना पाहाव्यातच.

प्रवेशपत्रांचे नियम वरचेवर बदलतात. ते त्या त्या सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरच वाचावेत. संगणकावरून मिळणारे प्रवेशपत्र प्रत्येक सीमानाक्यावर चालते असे नाही. आपला नाका यादीत आहे की नाही हे ताडून घ्यावे. पारपत्राची मुदत सहा महिन्यांहून अधिक व कोरी पाने पुरेशी असावीत. कंबोडियात रिएलबरोबर डॉलरही चालतात. लाओसचे किप मात्र देश सोडण्यापूर्वीच खर्चून टाकावेत, कारण बाहेर ते बदलून मिळणे कठीण. आजारपण वा अडचण यांसाठी परतीच्या तिकिटाएवढी रक्कम वेगळी ठेवावी व तिला हात लावू नये.

सामान सात-आठ किलोंच्या वर नसावे: तीन जोड कपडे, पावसाचा अंगरखा, गुडघे व खांदे झाकणारे एक वस्त्र, औषधांची पुडी. शाकाहारी कुटुंबांनी दोन शब्द पाठ करावेत. थायलंड व लाओसमध्ये ‘जे’, व्हिएतनाममध्ये ‘चाय’; दोहोंचा अर्थ शाकाहारी. एरवी भाजीतही माशाचे पाणी घातलेले असते. व्हिएतनामी बौद्ध पौर्णिमेला व अमावास्येला मांसाहार टाळतात, तेव्हा त्या दिवशी चांगली सोय होते.

आणखी दोन इशारे. नोव्हेंबर 2024 मध्ये लाओसमधील वांग व्हिएंग येथे विषारी मद्याने सहा परदेशी प्रवासी दगावले. आणि मोठ्या पगाराच्या नोकरीचे आमिष दाखवून भारतीय तरुणांना फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबल्याचे प्रकार याच देशांत घडले. 2024 मध्ये आपल्या वकिलातीने लाओसच्या बोकेओ प्रांतातून अनेकांची सुटका केली. हुआय साय हे त्याच प्रांतात आहे. वाटेत कोणी काम देऊ लागला, तर त्याला नम्रपणे नकार द्यावा आणि आपले पारपत्र कोणाच्याही स्वाधीन करू नये. घरी रोज ठरल्या वेळी निरोप पाठवावा. आज कोठे, उद्या कोठे, एवढे दोन शब्द पुरतात.

या भागाशी आपला संबंध केवळ प्राचीन मंदिरांचा नाही. 1954 च्या जिनिव्हा करारानंतर लाओस, कंबोडिया आणि व्हिएतनाममध्ये युद्धबंदीवर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगांचे अध्यक्षपद भारताकडे होते. पुढे 2000 साली व्हिएन्तियान येथेच ‘मेकाँग-गंगा सहकार्य’ सुरू झाले. दोन नद्यांची नावे एका जोडशब्दात आली, ती उगाच नव्हे.

ही सारी योजना तरुणांसाठी असली, तरी आईवडिलांनी केवळ काळजी करीत घरी बसावे असे नाही. लुआंग प्रबांग आणि व्हिएन्तियान हा तिचा मधला तुकडा सपाट, सुखकर आणि आगगाडीचा आहे. मुलांनी नावेने उतरून यावे, आईवडिलांनी विमानाने तेथे पोहोचावे, चार दिवस सर्वांनी बरोबर काढावेत, आणि मग मुलांनी दक्षिणेची वाट धरावी. परक्या मुलखातले ते चार दिवस झाले, म्हणजे उरलेल्या प्रवासाची काळजी पुष्कळशी आपोआपच हलकी होईल.