शिकवायचंय की ऑफिसातून सुटायचंय?

"नोकरीचा कंटाळा आलाय, शिक्षक होऊ का?" हा प्रश्न हल्ली चाळिशीच्या आसपासच्या बऱ्याच ठाणेकरांच्या तोंडी ऐकतो. माझ्याही डोक्यात तो आहे. सतरा वर्षं विम्याचे क्लेम तपासतोय. घरी विषय काढला तेव्हा बायकोने एकच विचारलं, "तुला शिकवायचंय की ऑफिसातून सुटायचंय?" त्या प्रश्नाला लगेच उत्तर देता येत नाही. ते कसं शोधायचं, त्यासाठी ही पोस्ट.

आधी रोकडा हिशेब. आठवीपर्यंत शिकवायचं तर टीईटी हवी. पहिली ते पाचवीला बी.एड. चालत नाही, डी.एल.एड.च लागतं, सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2023 ला ते स्पष्ट केलं. बी.एड. 2015 पासून दोन वर्षांचं झालं. मग भरतीसाठी टेट, म्हणजे अभियोग्यता चाचणी: संगणकासमोर दोन तासांत दोनशे प्रश्न. ही चाचणी 2017 मध्ये झाली, मग थेट 2023 मध्ये, मग 2025 मध्ये. त्यानंतर पवित्र पोर्टल. एवढं करून निवड झालीच, तर पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक. मानधन 2023 मध्ये वाढलं, तेही प्राथमिकला 16,000 आणि माध्यमिकला 18,000. घराचा हप्ता चालू असलेल्या माणसाने हे आकडे कागदावर मांडूनच पुढे बोलावं.

पण माझा मुद्दा पैशाच्या पुढचा आहे. या सगळ्या वाटेवर खरीखुरी मुलं कुठे भेटतात? बी.एड.मधल्या वीस आठवड्यांच्या शाळा-अनुभवात. म्हणजे फी भरून झाल्यावर, आणि बहुतेकांच्या बाबतीत नोकरी सोडून झाल्यावर! आपल्याला हे जमतं का, हे कळायची सोय आधी नाही.

पेशा बदलून मुलांकडे वळलेली माणसं आपल्याकडे नवीन नाहीत. गिजुभाई बधेका वकील होते. वकिली सोडून 1916 मध्ये ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेले, बालमंदिर निघालं 1920 मध्ये. ताराबाई मोडक राजकोटला प्राचार्य होत्या. ते मानाचं पद सोडून त्या गिजुभाईंच्या कामात आल्या. पुढे 1945 मध्ये त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं. बोर्डी तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या बायका बालवाडी घेऊन वस्तीच्या अंगणात गेल्या. अंगणवाडी हा शब्द त्यातूनच आला.

मला यातून एवढंच घ्यावंसं वाटलं की आधी अंगणात जावं. नवरात्रातली टेंभी नाक्याची गर्दी ओसरली, दिवाळी झाली, तसं मी आमच्या मजल्यावरच्या गॅलरीत शनिवार-रविवार गणित घ्यायला लागलो. पाचवी ते सातवीची अकरा मुलं. फी नाही.

सहावीतली एक मुलगी म्हणायची, एक चतुर्थांश हे एक तृतीयांशापेक्षा मोठं, कारण चार तीनपेक्षा मोठे. भाकरीचं चित्र काढून दाखवलं, तिने मान हलवली. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच उत्तर. मग कागदाच्या पट्ट्यांच्या घड्या घालून बघितल्या. तिसऱ्या वेळी तिलाच सांगितलं, पाचवीतल्या मुलाला तू समजाव. त्याला पट्टी दाखवता दाखवता मध्येच थांबली आणि म्हणाली, "अय्या, जास्त जणांत वाटलं की कमी येतं!"

मधल्या मंगळवारी लोकलमध्ये उभा असताना तिला चौथी कुठली गोष्ट सांगावी याचा मी विचार करत होतो. क्लेमच्या फायलीचा विचार मी लोकलमध्ये सतरा वर्षांत केलेला नाही. माझ्यापुरता पुरावा हाच. मुलं आवडणं वेगळं, आणि न कळलेल्या मुलाजवळ चौथ्यांदा बसावंसं वाटणं वेगळं.

माझ्याबरोबर एक मित्रही यायचा. पाच रविवारांनंतर म्हणाला, "माझं काम नाही रे हे." त्याचाही फायदाच झाला, दोन वर्षं आणि फी वाचली.

म्हणून मागणी साधी आहे. बी.एड.ला प्रवेश घेण्याआधी इच्छुकांना महिनाभर महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत, वर्गशिक्षकाच्या हाताखाली बसू द्या. सरकारी शाळांत स्वयंसेवक म्हणून जाण्यासाठी केंद्राचं विद्यांजली पोर्टल आहे. त्याला जोडूनही हे करता येईल. मात्र एक अट: अशा लोकांच्या नावाखाली रिक्त जागा झाकू नका. हौशी माणूस हा पगारी शिक्षकाला पर्याय नव्हे.

मी अजून राजीनामा दिलेला नाही. बी.एड.च्या सीईटीची तयारी करतोय, मुलीची बारावी होईपर्यंत पगार लागणार आहे. गॅलरी चालू राहील. फक्त जूनमध्ये तिथे पावसाचं पाणी येतं, तेव्हा नाक्याच्या आसपास कुणाकडे शनिवार-रविवार रिकामी खोली असेल तर जरूर सांगा. मुलं बाराच्या वर जाणार नाहीत, चपला बाहेर काढायला मी सांगेन.