सहा अंश

माझी पदवी मेकॅनिकलची, पोट मात्र कोडवर. कॅलिफोर्नियातल्या आमच्या शेजाऱ्यांकडे १९३२ ची फोर्ड आहे, हॉट रॉड केलेली. पुढून खाली बसवल्यापासून ती ताशी ६० मैलांना रस्ताभर भटकायची. ते म्हणाले, "तू इंजिनिअर ना? बघ."

दुखणं कॅस्टरचं होतं. ज्या किंगपिनभोवती चाक वळतं, तिचं वरचं टोक किती मागे झुकलंय, तो हा कोन. सायकलचा फोर्क असाच झुकलेला असतो. या झुकावामुळेच वळणानंतर चाक आपसूक सरळ येतं. गाडीचं नाक खाली गेलं, की कोन कमी होतो.

सपाट जमिनीवर मोजला: जेमतेम २ अंश. अशा गाड्यांना साधारण ५ ते ७ लागतात. त्याहून फार वाढवला तर स्टिअरिंग जड होतं. हेअरपिन रॉडचे खालचे क्लेव्हिस दोन्हीकडे सारखेच आटे फिरवून लांबवले. कमीजास्त झालं तर एक्सल पिळतो. ६ अंशांवर थांबलो, टो-इन पुन्हा बघितलं.

कोड बिघडला तर मागची आवृत्ती परत आणता येते. इथे मी आवळलेल्या नटांच्या भरवशावर दोन म्हातारी माणसं महामार्गावर जाणार होती. लॉकनट मी तिसऱ्यांदा तपासले.