मोजक्या पैशांचा संगणक

माझा नातू यंदा सातवीत आहे. सणावारी आणि वाढदिवशी हातावर पडणारे पैसे त्याने दोन वर्षे जपून ठेवले. त्यांत त्याच्या वडिलांनी भर घातली आणि रक्कम झाली ४५ हजार रुपये. एके सायंकाळी तो मजजवळ येऊन म्हणाला, "आजोबा, मला खेळांसाठी संगणक घ्यायचा आहे. तुम्ही बरोबर चला ना."

माझ्या कपाळाला आठी पडली. सारा जन्म शाळेत घालवलेल्या माणसाला 'खेळांसाठी संगणक' हे शब्द कसे रुचावेत? परंतु त्याच्या हाती वही होती आणि वहीत खर्चाचे कोष्टक आखलेले होते. हिशेब मांडून मागणाऱ्या मुलाला नुसते 'नाही' म्हणणे मला जमले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही एका दुकानात गेलो. तेथे काचेच्या पेटीत सप्तरंगी दिवे लखलखत होते. नातवाची दृष्टी तेथेच खिळली. किंमत विचारली, तर ८० हजार! त्याचा चेहरा एवढासा झाला.

परतताना आम्ही पाणचक्कीपाशी थांबलो. छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्याला हे स्थळ परके नाही. दूरच्या डोंगरातील पाणी मातीच्या नळांनी येथे आणलेले आहे. ते उंचावरून पडे आणि त्याच्या जोरावर धान्य दळणारे जाते फिरे. मी सहज विचारले, "नळ अरुंद असता, तर मोठे जाते बसवून काय उपयोग झाला असता?"

तो पाण्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "काहीच नाही. आणि नळ रुंद, पण जाते लहान असते, तर पाणी वाया गेले असते. आजोबा, संगणकाचेही असेच आहे! सगळे भाग एकमेकांना साजेसे हवेत."

तेथेच कट्ट्यावर वही उघडून तो मला शिकवू लागला. प्रोसेसर हिशेब करतो, ग्राफिक्स कार्ड चित्रे रेखाटते. घरी वडिलांचा जुना पडदा आहे. त्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, म्हणजे एका चित्रात २०,७३,६०० ठिपके. खेळ सुरळीत दिसायला सेकंदाला ६० चित्रे हवीत. गुणाकार केला, तर साडेबारा कोटींच्या आसपास! 'फोर के' पडद्यावर ठिपके याच्या चौपट. "म्हणजे जुनाच पडदा ठेवला, तर कार्डाचे काम चौथाई होईल आणि स्वस्त कार्डही पुरेल," तो उल्हासाने म्हणाला.

"पण एवढे ठिपके एक कार्ड रंगवते तरी कसे?" मी विचारले.

"त्यात शेकडो छोटे कामकरी असतात. सगळे एकाच वेळी राबतात."

ते ऐकून मला एक जुनी गोष्ट आठवली. १९८०च्या दशकात भारताला हवा तसा महासंगणक अमेरिकेकडून मिळेना. तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था स्थापन झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तेथील मंडळींनी एकाच बलाढ्य यंत्राचा हट्ट सोडला. त्यांनी अनेक छोटे प्रोसेसर जोडले, त्यांच्यात काम वाटून दिले आणि १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा केला. नातू ऐकत होता. ८० हजारांच्या पेटीचे दुःख तो बहुधा विसरला होता.

आठवडाभर आम्ही दुकाने हिंडलो. ग्राफिक्स कार्ड वापरलेले घेतले, पण अर्धा तास खेळ चालवून पाहिल्यावरच. पेटी साधी, पत्र्याची घेतली. वीज पुरवणाऱ्या पॉवर सप्लायपाशी मात्र माझा काटकसरी स्वभाव उफाळून आला. "हा निम्म्या किमतीत मिळतो, हाच घेऊ," मी म्हणालो.

"नको, आजोबा! तो बिघडला, तर बाकीचे भागही जळू शकतात. दिव्यांचे पैसे वाचवले, ते इथे घालू."

मी निमूटपणे ऐकले. काटकसर निराळी आणि कंजूषपणा निराळा, हे मी वर्गात कितीतरी वेळा सांगितले होते. त्या दिवशी ते माझ्या नातवाने मला सांगितले.

रविवारी त्याने जमिनीवर सतरंजी घालून सारे भाग जोडले. कळ दाबली, पंखा फिरला, पण पडद्यावर काहीच उमटेना! त्याचे डोळे भरून आले. दोन वर्षांची पुंजी त्या पेटीत होती. मीही मनातून घाबरलो. "वीज बंद करून एकेक भाग पुन्हा तपास," एवढेच मी म्हणालो. त्याने सावकाश तपासले. रॅमची पट्टी खाचेत पुरती बसलीच नव्हती. ती दाबताच 'टक्' असा आवाज झाला. पुन्हा कळ दाबली आणि पडदा उजळला!

त्याने पहिला मान मला दिला. पहिल्याच वळणावर माझी मोटार भिंतीवर आदळली आणि घरभर हशा पिकला.

रात्री त्याने वहीत शेवटची ओळ लिहिली : 'शिल्लक ३५० रुपये.' त्याच्या पेटीवर एकही दिवा नाही. पण आतील प्रत्येक भाग काय काम करतो आणि तोच का निवडला, हे तो कोणालाही सांगू शकतो. मला वाटते, पैसे भरपूर असते, तर त्याने संगणक नुसता विकत घेतला असता. मोजक्या पैशांमुळे तो त्याला समजला.