शीतनिद्रा आणि वय

विज्ञानकथांतील माणसे लांबच्या अंतराळप्रवासाला निघाली की थंड पेटीत निजतात आणि पन्नास वर्षांनी उठली तरी चेहऱ्यावर सुरकुती नसते. मग वय शरीराचे मोजायचे की कॅलेंडरचे? येथे कॉव्हेंट्रीत आमच्या घरी नातवंडांशी यावर वाद चालतो.

सन १९८६ च्या ‘एलियन्स’ चित्रपटातील रिप्ली अशीच ५७ वर्षे निजते. अकराव्या वाढदिवसाला परत येईन, असे लेकीला सांगून ती गेलेली. जागी होते तो लेक ६६ वर्षांची होऊन वारलेली! (हा प्रसंग पहिल्या आवृत्तीतून चक्क कापला होता.)

आम्हांला तालमूदमधील होनी आठवला. तो ७० वर्षे झोपला. घरी गेला तो मुलगा हयात नाही, नातू आहे. आणि हाच होनी, यावर कोणी विश्वास ठेवीना. तेव्हा त्याने देवाजवळ मरण मागितले. आमच्याही मनात रेवदंड्याची धाकटी बहीण अजून परकरातच होती. परवा फोटो आला, केस पांढरेशुभ्र.

प्राण्यांना ही अडचण नाही. येथील बागांतला काटेरी हेजहॉग थंडीभर निजतो. हृदयाचे ठोके मिनिटाला सुमारे १९० वरून २० वर येतात. अमेरिकेतील मार्मोटांचे वार्धक्य शीतनिद्रेत जवळजवळ थबकते, असे २०२२ च्या एका अभ्यासात दिसले. पण मार्मोटांची सारी बिरादरी एकाच ऋतूत निजते आणि एकाच ऋतूत उठते.

धाकट्या नातवाला तशी पेटी हवी आहे. आम्ही म्हटले, घे बाबा, पण सगळ्या घराला पुरेल एवढी मोठी घे.