रानातली फुंकर आणि विजेचे सूर

हर्बी हॅनकॉक यांचा ‘हेड हंटर्स’ हा आल्बम कोलंबिया कंपनीने ऑक्टोबर १९७३ मध्ये प्रकाशित केला. ध्वनिमुद्रण महिनाभर आधी सॅन फ्रान्सिस्कोत झाले होते. रचना चारच, वेळ जेमतेम बेचाळीस मिनिटे. जॅझमध्ये आफ्रिकी ताल आणि विजेवरची वाद्ये याआधीही आली होती. पण ती एकमेकांत इतकी मुरलेली तोवर क्वचितच ऐकू आली होती.

हॅनकॉक यांचा जन्म शिकागोतला, १९४० चा. अकराव्या वर्षी त्यांनी शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर मोत्सार्ट वाजवला. कॉलेजात आधी इंजिनिअरिंग घेतले, मग संगीताकडे वळले; यंत्रांचे कुतूहल मात्र सुटले नाही. १९६३ पासून पाच वर्षे ते माइल्स डेव्हिस यांच्या गाजलेल्या पंचकात पियानोवर होते. त्यानंतरच्या त्यांच्या ‘म्वांदिशी’ या संचातील वादकांनी स्वाहिली नावे घेतली होती. ते संगीत मोकळे, तरंगते, कधी कधी ठेकाच हाती लागू न देणारे. श्रोते मोजके आणि खर्च मोठा, म्हणून १९७३ मध्ये तो संच मोडला. हॅनकॉक यांनाही आता पाय जमिनीला लागायला हवे होते. नव्या संचात त्यांनी जुन्यांपैकी फक्त बेनी मॉपिन यांना ठेवले. पॉल जॅक्सन बासवर, हार्वी मेसन ड्रम्सवर आणि आफ्रिकी तालवाद्यांवर बिल समर्स आले. गिटारवादक मुद्दामच घेतला नाही. तालाची ती जागा हॅनकॉक यांनी क्लॅव्हिनेट या विजेवरच्या कीबोर्डने भरून काढली. सिंथेसायझरही सगळे स्वतःच हाताळले.

‘कमीलियन’ ही पहिली रचना साडेपंधरा मिनिटांहून मोठी आहे. सुरुवातीला एआरपी ओडिसी या सिंथेसायझरवर खर्जातली एक छोटी, लचकत चालणारी ओळ एकटीच येते. तिची काही आवर्तने झाली की ड्रम्स मिळतात. मग जॅक्सन यांचा बास येतो, पण खर्ज यंत्राने आधीच व्यापलेला असल्यामुळे तो वरच्या पट्टीत, गिटारसारखा तुटक वाजतो. त्यावर क्लॅव्हिनेटचे कोरडे आघात पडतात. मुख्य धून यायला बराच वेळ लागतो, आणि तोवर तिची उणीव भासत नाही. प्रत्येक वाद्य थोडेच वाजवते आणि दुसऱ्याच्या मोकळ्या जागेत आपला आघात टाकते. या तुकड्यांच्या गुंतण्यातून जे उभे राहते ते कोणा एका वादकाच्या हातात नसते. मध्य आणि पश्चिम आफ्रिकेतल्या कितीतरी सामूहिक वादनपद्धती याच तत्त्वावर चालतात. ‘कमीलियन’मधली आफ्रिका कोणत्याही एका वाद्यापेक्षा या गुंफणीत अधिक आहे, आणि यंत्रालाही तीच शिस्त पाळावी लागते.

वाद्यांचे आतले नातेही पाहण्यासारखे आहे. हॅनकॉक यांच्या फेंडर ऱ्होड्स या विजेवरच्या पियानोत पट्टी दाबली की छोटी हातोडी धातूच्या बारीक काडीवर बसते आणि त्या काडीचे कंपन चुंबकाजवळ विजेत उतरते. याच आल्बमवर जॅक्सन यांनी मारिंबुला वाजवला आहे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांच्या वंशजांनी कॅरिबियन बेटांवर घडवलेली ही पेटी. तिच्यावरच्या धातूच्या पट्ट्या बोटांनी छेडायच्या. दोन्हीकडे सूर थरथरणाऱ्या धातूचाच.

आल्बमचे काळीज मात्र ‘वॉटरमेलन मॅन’ आहे. मूळ रचना हॅनकॉक यांनीच १९६२ मध्ये केलेली. शिकागोच्या गल्लीतल्या दगडी फरसबंदीवरून जाणाऱ्या कलिंगडवाल्याच्या घोडागाडीच्या चाकांची लय तिच्या मुळाशी होती. मेसन यांनी ती नव्याने बांधली. समर्स बिअरच्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारतात, लगेच गळ्यातून उंच सूर काढतात, पुन्हा फुंकर. असे थर एकावर एक ध्वनिमुद्रित केले आहेत. हे तंत्र मध्य आफ्रिकेच्या पर्जन्यवनातल्या बाबेंझेले लोकांचे. त्यांची हिंदेव्हू ही पपईच्या देठाची, एकच सूर देणारी नळी. वादक तो सूर आणि आपला आवाज आलटून पालटून गुंफतो. सिम्हा आरोम आणि जेनव्हिएव्ह टोरेल यांनी केलेले तिचे ध्वनिमुद्रण १९६६ मध्ये युनेस्कोच्या मालिकेत तबकडीवर आले, आणि समर्स यांच्या फुंकरीचा उगम तिथे आहे.

उरलेल्या दोन रचनांपैकी ‘स्लाय’ ही फंकचे दिग्गज स्लाय स्टोन यांना वाहिलेली आहे, आणि मध्येच तिची गती झपाट्याने वाढते. ‘व्हेन मेल्टर’ संथ आहे. मॉपिन यांचा बास क्लॅरिनेट तिच्यात सावकाश झिरपत राहतो. व्हिक्टर मोस्कोसो यांच्या मुखपृष्ठावर हॅनकॉक यांना मुखवटा आहे. तो आयव्हरी कोस्टच्या बाउले लोकांच्या क्प्ले क्प्ले मुखवट्यावरून घेतला आहे, आणि त्यात टेपरेकॉर्डरच्या हेडवरचे चुंबकत्व घालवणाऱ्या उपकरणाचा आकार मिसळला आहे.

आल्बमच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. काही जॅझ समीक्षकांना हा बाजाराशी केलेला सौदा वाटला. पंधरा मिनिटे एका ओळीभोवती फिरत राहण्याचे धाडस पाहिले की तो आरोप टिकत नाही. पुढे हिप-हॉपच्या कलाकारांनी याचे तुकडे वारंवार उचलले. मॅडोना यांच्या १९९४ च्या ‘सँक्च्युअरी’ या गाण्यातही ‘वॉटरमेलन मॅन’चा अंश आहे. २००७ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतनयोग्य ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत हा आल्बम घेतला.

या सगळ्या प्रवासात बाबेंझेलेंच्या वाट्याला काही आले नाही. मानववंश-संगीतज्ञ स्टीव्हन फेल्ड यांनी १९९० च्या दशकात हा प्रश्न जाहीरपणे मांडला. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय संगीतकाराचा आफ्रिकेवर नात्याचा हक्क आहे, हे मान्य करूनही ऋण उरतेच, कारण ती फुंकर कोणा अनामिक ‘आफ्रिके’ची नव्हती, एका ठरावीक समाजाची होती. म्हणून ‘हेड हंटर्स’ ऐकणाऱ्याने आरोम आणि टोरेल यांचे ध्वनिमुद्रणही शोधून ऐकावे, आणि शक्यतो तेच आधी ऐकावे.