औरंगाबादेतलं परतणं

१९८६ च्या डिसेंबरात औरंगाबादेत (तेव्हा शहराचं नाव हेच होतं) राजीव गांधींच्या उपस्थितीत शरद पवार काँग्रेसमध्ये परतले. त्याआधी कितीतरी दिवस आमच्या मराठवाड्यात एसटी स्टँडवर, न्हाव्याच्या दुकानात, कापूस खरेदी केंद्राच्या रांगेत एकच विषय होता: साहेब जाणार की नाही? पेपर दुपारच्या गाडीनं यायचा, संध्याकाळी आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या लागायच्या आणि मग दोन्हींवर रात्री उशिरापर्यंत पारावर वाद चालायचे. आता सकाळी एका पक्षात असलेला नेता दुपारी दुसऱ्या पक्षाचं उपरणं गळ्यात घालून मोबाइलवर दिसतो. वाद घालायलाही वेळ मिळत नाही.

पवारांबद्दल तेव्हा कुणी मधलं बोलतच नसे. १८ जुलै १९७८ ला वसंतदादा पाटलांचं सरकार पाडून ते अडतिसाव्या वर्षी मुख्यमंत्री झाले. ‘पाठीत खंजीर’ हे शब्द महाराष्ट्राच्या बोलण्यात कायमचे बसले ते तेव्हापासून. पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखान्यांच्या राजकारणात जुनी घरं दुभंगली. आमच्याकडे आणखी एक खोल जखम होती. त्याच महिन्याच्या २७ तारखेला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. दलित वस्त्या जळाल्या, माणसं गेली. एका वस्तीत पवार हे ठराव करणारे म्हणून आपले होते, शेजारच्या गल्लीत त्याच कारणासाठी नकोसे होते, आणि ठराव करून तो अमलात आणला नाही म्हणून रागावलेलेही बरेच होते. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. तेव्हाही मुख्यमंत्री पवारच होते.

हा माणूस परत येण्याआधी आठ वर्षं काँग्रेसबाहेर होता. आजच्या घाईत ही गोष्ट विसरली जाते, म्हणून ती सांगितली पाहिजे. इंदिरा गांधी सत्तेवर परतल्या आणि फेब्रुवारी १९८० मध्ये पवारांचं पुरोगामी लोकशाही दलाचं (पुलोद) सरकार बरखास्त झालं. निवडणुकीनंतर पवारांच्या बाजूचे बरेच आमदार इंदिरा काँग्रेसकडे निघून गेले. त्याच वर्षाच्या शेवटी जळगावहून नागपूरला शेतकऱ्यांची दिंडी निघाली. कापसाच्या भावासाठी माणसं पायी चालली, यशवंतराव चव्हाणांसारख्या ज्येष्ठानंही अटक करून घेतली. १९८५ ला पवारांच्या समाजवादी काँग्रेसनं चरख्याच्या चिन्हावर ५४ आमदार निवडून आणले आणि पवार विरोधी पक्षनेते झाले. मधल्या दोन विधानसभा निवडणुकांत मतदाराला त्यांच्याबद्दल आपलं मत देता आलं. कुणी शिक्षा केली, कुणी माफ केलं, पण विचारलं गेलं सगळ्यांना.

आमच्या गल्लीतला एक कार्यकर्ता नीळ आणि चुना घेऊन भिंतीभिंतीवर चरखा काढत असे. पदरचे पैसे, रात्रीची जागरणं आणि घरच्यांची बोलणी, सगळं त्यानं आनंदानं सोसलं होतं. औरंगाबादच्या सभेला गावातून गाड्या भरून निघाल्या तेव्हा तो घरीच थांबला. पुढे त्यानं स्वतःच्या हातानं त्या भिंती पांढऱ्या केल्या आणि कुठल्याच पक्षाचं चिन्ह पुन्हा काढलं नाही. पवारांचं म्हणणं होतं की शिवसेनेचा जोर वाढतो आहे, तो रोखायला काँग्रेस बळकट हवी. ते म्हणणं खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण काँग्रेसच्या विरोधात मत मागून निवडून आलेले आमदार दोन वर्षांच्या आत काँग्रेसमध्ये नेणं हे मतदाराला धरून नव्हतं.

त्याची किंमत कुठे मोजली गेली ते पाहा. काँग्रेस नको असलेली तरुण पोरं एकाएकी पोरकी झाली आणि त्यातली बरीचशी शिवसेनेच्या शाखेत दिसू लागली. ज्या शहरात हे परतणं घडलं, तिथल्या महापालिकेच्या १९८८ च्या पहिल्याच निवडणुकीत शिवसेना सर्वांत मोठा पक्ष झाली. १९९० ला विधानसभेत सेनेचे ५२ आणि भाजपचे ४२ आमदार आले. काँग्रेस १४१ वर थांबली, बहुमताला चार कमी.

तरीही त्या काळातलं एक मला फार आवडतं. परत आलेल्याला लगेच पाट मांडला गेला नाही. पवार पक्षात आले तेव्हा शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री होते, पुलोदमध्ये पवारांच्याच मंत्रिमंडळात काम केलेले. दीड वर्षानं, जून १९८८ मध्ये, शंकरराव दिल्लीला अर्थमंत्री म्हणून गेले, तेव्हा कुठे पवारांकडे राज्य आलं.

याच्या शेजारी २०१९ ठेवून पाहा. २३ नोव्हेंबरला शरद पवारांच्या राष्ट्रवादी काँग्रेसमधल्या अजित पवारांनी भाजपच्या देवेंद्र फडणवीसांबरोबर उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली, त्याच दिवशी पक्षानं त्यांना विधिमंडळ नेतेपदावरून काढलं, २६ तारखेला त्यांनी राजीनामा दिला आणि ३० डिसेंबरला ते उद्धव ठाकरेंच्या सरकारात पुन्हा उपमुख्यमंत्री झाले. सदतीस दिवसांत जाणं, परतणं आणि पहिल्या रांगेतली खुर्ची. मधे निवडणूक नाही, कार्यकर्त्यांपुढे खुलासा नाही. २ जुलै २०२३ ला ते पुन्हा गेले, या वेळी पक्षच दुभंगून. मला त्याचं दुःख झालं, नवल नाही.

त्याच्या दोन महिने आधी, २ मेला, मुंबईत यशवंतराव चव्हाण सेंटरमध्ये आपल्या आत्मचरित्राच्या प्रकाशनात शरद पवारांनी पक्षाचं अध्यक्षपद सोडत असल्याचं सांगितलं. सभागृहात कार्यकर्ते रडत होते, जागचे हलायला तयार नव्हते. ५ मेला त्यांनी निर्णय मागे घेतला. ते रडणं मी दूरदर्शन संचावर पाहिलं आणि भिंती रंगवणारा आमच्या गल्लीतला माणूस डोळ्यांपुढे आला. कार्यकर्त्याचा जीव तेवढाच आहे, बदललाय त्याला मिळणारा वेळ.

परतणाऱ्याला दार बंद करा असं मी म्हणत नाही. माणसं चुकतात, मतं बदलतात, पक्षही बदलतात. पण पक्षांनी परत आलेल्याला निदान एक निवडणूक साधा कार्यकर्ता म्हणून राबू द्यावं आणि मगच पद द्यावं. आणि वाचकहो, तुमच्या मतदारसंघातला कुणी असा परत आला, तर त्याची पहिली सभा चुकवू नका. उभे राहा आणि सगळ्यांसमक्ष विचारा: का गेला होतात, आणि आता का आलात?