चार सूतचा नट

आमच्या एसी बसवायच्या धंद्यात दोन सूतचा, म्हणजे पाव इंची पाइपाचा, नट कोणीही कसतो. भांडण आहे ते चार सूतच्या नटाशी, आणि त्यातही आतल्या युनिटच्या मागच्या. बाहेर निदान उभं राहायला जागा असते, उजेड असतो, दोन्ही पाने नीट लागतात. आत युनिट भिंतीपासून ओढायचं, मागे लाकडाचा ठोकळा अडकवायचा, शिडीवर मान वाकडी करून एक पाना घट्ट धरायचा आणि दुसऱ्याने कसायचं. किती कसायचं? लालबर्रा गावात दुकान टाकलं तेव्हापासून हा एकच प्रश्न माझ्या मागे लागला आहे. बाकी सगळं कामाने आलं, हे येता येता राहिलं.

कमी कसलं तर गॅस जातो, एवढं ग्राहकालाही समजतं. जास्त कसलं तर काय होतं, ते आम्हालाच ठाऊक. फ्लेअरची, म्हणजे तांब्याच्या पाइपाच्या फुलवलेल्या तोंडाची, कडा नट आणि युनियन यांच्यामध्ये दबून पातळ होते. त्या दिवशी साबणाचा एक बुडबुडा येत नाही. चहा मिळतो, पैसे मिळतात. मग तांबं तापतं, गार होतं, पुन्हा तापतं, कॉम्प्रेसरची थरथर पाइपातून येत राहते, आणि एखादा उन्हाळा उलटला की त्या पातळ कडेला केसाएवढी चीर जाते. कधी पितळी नटच उभा तडकतो. फोन येतो, ‘‘गार नाही करून राहिला जी.’’ तोवर कसणारा विसरलेला असतो की आपण किती जोर लावला होता.

योग्य जागा या दोहोंच्या मधे आहे आणि ती फार अरुंद आहे. नट हाताने फिरतो, मग पान्याने फिरतो, मग एके ठिकाणी किंचित मऊपणा लागतो. तांबं युनियनच्या उतारावर बसतंय, त्याचा तो मऊपणा. त्याच्यापुढे थोडंसं, आणि थांबायचं. हे ‘थोडंसं’ मी नागपूरला उस्तादाच्या हाताखाली शिकलो. उस्ताद तोंडाने काही सांगत नसे. मी कसत असताना नुसता माझ्या मनगटावर हात ठेवायचा, आणि थांबायची वेळ आली की दाबायचा.

गेल्या पावसाळ्यात मला साखर निघाली. बालाघाटच्या डॉक्टरांनी पायाची काळजी घ्या म्हणून बजावलं. हाताबद्दल ते काही बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. पण बोटांची टोकं बधिर व्हायला लागली आहेत. भोक पाडायला, स्टँड ठोकायला, टेप गुंडाळायला त्याने काही अडत नाही. अडतं ते फ्लेअरपाशी. पूर्वी फ्लेअर केला की मी करंगळी आतून फिरवायचो. रीमरने न निघालेला बर, टूलच्या दांड्याने पडलेला ओरखडा, एका बाजूला चढलेली कड, सगळं करंगळी सांगायची. डोळ्यांवर माझा विश्वास कधी नव्हता, तांबं चकाकतं आणि फसवतं. आता करंगळी फिरवतो आणि ती काही बोलत नाही. पान्यावरचा तो मऊपणाही कधी लागतो, कधी लागत नाही.

हाताखाली वारासिवनीकडचा एक पोट्टा आहे. आयटीआय करून आला. पहिल्या पगारात त्याने मोबाइल नाही घेतला, टॉर्क पाना घेतला. दोन सूतला १४ ते १८ न्यूटन-मीटर, चार सूतला ४९ ते ६१, हे त्याला पाढ्यासारखं पाठ. फ्लेअर झाला की कॅलिपर लावतो. चार सूतच्या फ्लेअरचं तोंड १६.२ ते १६.६ मिलिमीटरमध्ये बसलं पाहिजे, नाही बसलं तर सरळ कापतो आणि नवा करतो. पाइप वाया जातो म्हणून मी सुरुवातीला ओरडायचो. मग टॉर्क पाना दाखवून म्हणाला, ‘‘काकाजी, आवाज आला का थांबाचं. बस, झालं.’’ ज्या गोष्टीत माझं अर्धं आयुष्य गेलं, ती याने ‘कट्’ अशा एका आवाजात बसवली. मला राग आला हे खरं. आणि तो बरोबर आहे, हेही खरं.

बरोबर का, ते आर-२२ च्या जमान्यात माझ्या लक्षात आलं नसतं. त्या गॅसला माझा हात पुरत होता. स्प्लिटमध्ये कॅपिलरी किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह बाहेरच्या युनिटमध्येच असतो, म्हणून मशीन थंड करत असताना आत जाणारे दोन्ही पाइप कमी दाबाच्या बाजूचे. आर-२२ ला सत्तर पीएसआयच्या आसपास. आता आर-३२ आला, तिथे चालू मशीनवर त्याच्या जवळपास दुप्पट. पण खरी गोम मशीन बंद असताना आहे. कॉम्प्रेसर थांबला की दोन्ही बाजूंचा दाब एक होतो आणि तो हवेच्या तापमानाप्रमाणे चढतो. चाळीस अंशाला आर-२२ दोनशे पीएसआयच्या थोडं वर जायचा, आर-३२ साडेतीनशेच्या जवळ जातो. म्हणजे सांध्यावर सगळ्यात जास्त ताण केव्हा, तर मे महिन्याच्या दुपारी लाइन गेलेली असताना, मशीन मुकाट बसलेलं असताना. आणि आपले लोक साबण लावतात कधी? मशीन चालू करून, ग्राहकासमोर, गार हवेत उभं राहून! मी पोट्ट्याला सांगतो, बंद कर, थोडा वेळ जाऊ दे, मग साबण लाव. हे मात्र त्याच्या पुस्तकात नव्हतं. सांगताना मला जरा जास्तच बरं वाटतं.

त्यातून आर-३२ पेटणारा आहे. मंद पेटतो, पण पेटतो. म्हणून त्याच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं की घराच्या आतला फ्लेअर एकदा उघडला तर तोच परत जोडू नका, नवा करा. हे किती जण करतात? शहरातून बुकिंग घेऊन येणाऱ्या जोड्या मी पाहिल्या आहेत. व्हॅक्यूम पंप गाडीतच राहतो. बाहेरच्या युनिटचा थोडा गॅस सोडून पाइपातली हवा हाकलतात आणि ‘हो गया’ म्हणतात. आर-२२ चं खनिज तेल अशी ओल पुष्कळ सोसायचं. आताचं पीओई तेल पाणी ओढून घेतं आणि आतल्या आत आम्ल करून बसतं. चुकलेल्या फ्लेअरवर टेफ्लॉन टेप गुंडाळणारे तर इतके आहेत की बोलायची सोय नाही. फ्लेअरमध्ये तांबं युनियनच्या उतारावर बसून सील होतं, आट्यांचं काम फक्त दाबायचं. आट्यांवर टेप लावून काय अडवणार? तेलाचा थेंब लावायचा तर फ्लेअरच्या पाठीवर, म्हणजे नट फिरताना पाइप सोबत पिळत नाही. याच्यावरून माझं एका जुन्या दोस्ताशी बोलणं बंद आहे. तो तोंडावरही तेल लावतो. काही कंपन्या त्याच्या बाजूने आहेत, हे मला ठाऊक आहे. तरी बोलणं बंदच.

पाइपाचं विचारू नका. आपल्याच बालाघाट जिल्ह्यात, बैहरच्या पुढे मलाजखंडला हिंदुस्थान कॉपरची खाण १९८२ पासून चालू आहे. दगडात तांबं एक टक्क्याच्या आसपास. तो दळायचा, फेसावर तरंगवायचा आणि जो कॉन्सन्ट्रेट निघेल तो वितळायला जिल्ह्याबाहेर धाडायचा. तेच तांबं फिरून फिरून कॉइल होऊन आमच्याकडे येतं की नाही देव जाणे, पण येतं ते दिवसेंदिवस पातळ होत चाललंय. पातळ पाइपाचा फ्लेअर दिसायला सुरेख होतो आणि कसताना आधी तोच दगा देतो. ॲल्युमिनियमचा पाइप आणून देणारे ग्राहकही आहेत. स्वस्त पडतो म्हणतात. मी हात लावत नाही. मग ते दुसऱ्याकडे जातात, आणि दुसरा लावून देतो.

या भागातली जुनी घरं मातीची, भिंत दीड-दोन फूट जाड. अशा भिंतीतून पाइप काढणं हे वेगळंच प्रकरण. कोअर कटर मातीत गरगर फिरतो आणि भोक मोठंच होत जातं, म्हणून मी अजूनही लांब सबलीने हळूहळू कोरतो. आत पीव्हीसीचा तुकडा बसवून मग त्यातून पाइप घालतो, नाहीतर उंदीर रबराच्या स्लीव्हला लागलाच समजा. ड्रेनच्या तोंडाला बारीक जाळी. दिवाळीनंतर मशीन बंद पडून राहतं, तेवढ्यात कुंभारीण माशी पाइपाच्या तोंडात मातीचं घर बांधते आणि मार्चमध्ये पाणी पलंगावर. लोक म्हणतात मशीन खराब आहे.

एक सांगून टाकतो. बालाघाट-सिवनी रोडने जाताना मी गाडी हळू करतो आणि माझे पाइप पाहतो. भिंतीवर ओळंब्यात उतरलेले, वाकणाला कुठे चपटे न झालेले, टेप खालून वर गुंडाळलेली, म्हणजे पावसाचं पाणी पदरात शिरत नाही. बायको मागे बसलेली असेल तर तिलाही दाखवतो. ती म्हणते, माणसं देवळं पाहतात. वाकण मी गुडघ्यावर देतो, बेंडर असून. समोर ग्राहक असेल तर नक्कीच गुडघ्यावर.

यंदाच्या थंडीत एका निवृत्त मास्तरांकडे हॉट अँड कोल्ड मशीन लावलं. इकडे अशी मशीनं थोडी. थंडीत ते उलटं चालतं, आणि चार सूतचा जाड पाइप, जो उन्हाळाभर गार आणि कमी दाबाचा असतो, त्यातून कॉम्प्रेसरचा तापलेला गॅस आत जातो, साडेतीनशे-चारशे पीएसआयने. म्हणजे उन्हाळ्यात निभावून गेलेला सांधा तिथे पहिल्याच रात्री उघडा पडू शकतो. मी म्हणालो, हा नट मी कसतो. पोट्टा काही बोलला नाही, शिडी धरून उभा राहिला. मी दोन्ही पाने लावले, तो मऊपणा शोधला, लागला असं वाटलं, थोडं पुढे नेलं आणि उतरलो. ड्रेन पाहायला बाहेर गेलो तेव्हा आतून ‘कट्’ असा आवाज आला. माझ्या पाठीमागे तो प्रत्येक नट तपासतो, हे मला पहिल्यापासून माहीत आहे. नट न हलता आवाज आला, की त्याच्या हिशेबाने काकाजीचं काम पक्कं.

पण तो पाना कमी कसलेला नट पकडतो. जास्त कसलेला असेल तर न हलता तस्साच ‘कट्’ वाजतो. आणि बोटं बधिर झाल्यापासून मी कसतो ते कमी नाही, जास्तच कसत असणार. पोट्ट्याला हे सुचलेलं दिसत नाही, आणि मी त्याला अजून सांगितलेलं नाही.